स्वच्छ प्रत

मंगळवार, संध्याकाळ

ती. ताईस,

माझं वाक्य अर्ध्यावर होतं आणि तू फोन ठेवलास. उरलेलं अर्धं इथे लिहिते. "जे म्हणायचंय ते लेखी दे, बोलताना तू ओरडतेस," असं तूच म्हणालीस. कागदावर ओरडता येत नाही असा तुझा समज दिसतो.

आई बरी आहे. गुडघे दुखतात. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलंय, ती चढते. गच्चीवरचे कपडे आणायला घरात मी आहे हे तिला पटत नाही. तू का येत नाहीस म्हणून विचारत होती. कामात आहे म्हटलं. "बरं," म्हणाली. खुशाली संपली.

अर्धं राहिलेलं वाक्य असं होतं: अहवालातला 'समाधानी' हा शब्द तू काढ, नाहीतर शुक्रवारी समितीसमोर मी तो काढायला लावीन.

तू म्हणालीस, शिकाऊ आहेस, शिकाऊसारखी राहा. राहते. तू जे शिकवलंस त्याच्या बाहेर या पत्रात काही नाही. आणि लेखीच द्यायचं तर पहिल्यापासून देते, म्हणजे पुढे तिसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर त्यालाही कळेल.

गुणात्मक संशोधनाच्या तुझ्या वर्गात पहिल्या दिवशी तू फळ्यावर काही लिहिलं नाहीस. टेबलावर रेकॉर्डर ठेवलास आणि आम्हाला गप्प बसवलंस. मग तेच रेकॉर्डिंग ऐकवलंस आणि उतरवून काढा म्हणालीस. आमच्यातल्या वकिलाने कोरा कागद दिला. तो कोट घालूनच वर्गात येतो, आणि कागदसुद्धा अशिलाची बाजू मांडावी तसा दिला. "काहीच घडलं नाही, बाई." तू म्हणालीस, "पंखा. बाहेरून गेलेली गाडी. तुमची करकरणारी खुर्ची. कोणीतरी नाक ओढलं, तुम्हीच बहुतेक. काहीच घडलं नाही असं कोर्टात सांगत जा, इथे नको." सगळे हसले. वकीलही हसला. मला वाटलं, ही माझी बहीण आहे. मला तुझा अभिमान वाटला. तो आठवला की आज जास्त राग येतो.

पोलीस ठाणं, कोर्ट, तुरुंग. इथे आकडे मोजणारे पुष्कळ आहेत, असं तू सांगायचीस. कैदी किती, त्यातले खटला न संपलेले कच्चे किती, तारखा किती पडल्या. आपण मोजायला जात नाही. माणूस काय बोलला आणि बोलता बोलता कुठे थांबला, ते बघायला जातो. थांबणं लिहा. हसणं लिहा. खोलीत कोण आलं, कोण गेलं ते लिहा. मी वहीत अधोरेखित केलं होतं.

मग तुरुंगाचं काम आलं.

आजवर कैद्याची भेट टेबलावर होते. लांब टेबल, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला घरचे. मूल असेल तर टेबलाला वळसा घालून बापाच्या मांडीवर जाऊन बसतं. आता काही घरांना प्रयोग म्हणून पडद्यावरची भेट दिली. माणूस आत, घरचे फाटकाजवळच्या कचेरीत, मध्ये पडदा. प्रयोग जमला असेल तर टेबल सगळ्यांसाठी कायमचं बंद. जमला की नाही, ते घरच्या बायकांना विचारून आपण भेटींचं ठरवणाऱ्या समितीला सांगायचं होतं. फाटकाबाहेर बायकांच्या संमतीच्या सह्या मी घेतल्या, आत मुलाखती तू घेतल्यास. उतरवून मी काढल्या. वाक्यावाक्याला नाव द्यायचं काम, सोय, अडचण, समाधान, ज्याला आपण कोड म्हणतो, ते तू आणि वकिलाने केलं, एकमेकांचं न बघता. दोघांचं इतकं जुळलं की तू वर्गात त्याचं उदाहरण दिलंस.

जुळणारच. दोघांनी माझीच स्वच्छ प्रत वाचली होती.

स्वच्छ प्रत हा तुझा शब्द. माझ्या पहिल्या उताऱ्यात मी जागोजाग कंसात 'खोकला' लिहिलं होतं. तू लाल शाईने विचारलंस, कोणाचा? खाली लिहिलंस, असंबद्ध, काढ. मग सूचनांचं पानच काढलंस: तिसऱ्या व्यक्तीचे आवाज, खुर्च्या, खोकले, मुलाखतकाराची मधली पुस्ती वगळावी. वकील म्हणाला, "राहू द्या की, बाई. खोकल्याला आपण 'आरोग्य' कोड लावू." सगळे हसले. या वेळी तूही हसलीस.

अहवाल छापायला गेल्यावर नियमाप्रमाणे मला मूळ रेकॉर्डिंग पुसायची होती. पुसण्याआधी क्रमांक जुळवायला म्हणून ऐकायला बसले. उतरवताना आपण वाक्य पकडायला ऐकतो, पुढचं मागचं ऐकतच नाही. या वेळी हातात काम नव्हतं, म्हणून नुसतं ऐकलं.

शिवणवाली आठवते ना? बोलता बोलता दातांनी दोरा तोडावा तसं वाक्य तोडते ती. ती सांगते, "पोरगी पडद्याच्या मागं जाऊन बघते, बाबा कुठं बसलाय. मागं भिंत आहे. मग भिंतीवर हात मारते." खोकला. मग ती म्हणते, "तसं बरं आहे. उन्हात रांग नाही."

जाड चष्म्याची आजी सांगते, "कॅमेरा त्याच्या कपाळावर असतो हो. मी आपली कपाळाशी बोलते. तोंड हलतं की नाही तेसुद्धा दिसत नाही." खोकला. "नाही नाही, छान आहे. केलंय ते छानच केलंय."

धुण्याभांड्याची कामं करणारी ती उंच बाई. "आम्ही काय बोलतो ते सगळी कचेरी ऐकते. नवरा-बायकोचं काही..." खोकला. "नाही, चालतंय."

मी एकामागून एक सगळी ऐकली. जिथे स्वच्छ प्रतीत 'समाधान' आहे, तिथे त्याच्या आधी रेकॉर्डिंगमध्ये खोकला आहे. जिथे खोकला नाही, तिथे समाधानही नाही. ताई, असा शोध लागावा म्हणून लोक आयुष्य घालवतात. मला तो तुझ्या लाल शाईखाली सापडला.

खोलीचं दार उघडं ठेवायची अट होती आणि दाराबाहेर स्टुलावर एक शिपाई बसायचा, एवढंच मला माहीत आहे. मी त्याला पाहिलेलं नाही. पण तो मला चांगला माहीत झालाय. कोरडा खोकला, एकदाच, घाई न करता. घसा साफ करायला माणूस असा खोकत नाही. असा खोकला ऐकला की बाई बोलता बोलता कशी वळते, तेही मला नवं नाही. तुलाही नाही. त्याबद्दल पुढे लिहीत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये खोकल्याच्या मागोमाग आणखी एक आवाज आहे. त्याबद्दलही आज लिहीत नाही.

रेकॉर्डिंग मी पुसलेली नाहीत.

तुझी,
धाकटी


बुधवार

चि. धाकटीस,

पत्र मिळालं. दाराखालून सरकवून पळून जायची गरज नव्हती. घंटा चालू आहे.

दुसरा आवाज माझा आहे. लिहायला एवढी का लाजलीस? "म्हणजे एकंदरीत बरं आहे, असं लिहू का?" हे मी विचारलं. प्रत्येकीला विचारलं. शिकाऊ मुलीने असं विचारलं तर मी तिला वर्गाबाहेर काढीन, कारण उत्तर बाईच्या तोंडात घालायचं नसतं. मला माहीत आहे. मीच शिकवते.

आता तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये नाही ते ऐक. शिवणवाली पोरीचं सांगत होती तेव्हा माझ्या खुर्चीवरून मला त्याचे बूट दिसत होते. स्टूल सोडून उंबऱ्यापर्यंत आलेले. ती आणखी दोन वाक्यं बोलली असती तर पुढच्या खेपेला तिच्या नवऱ्याच्या नावापुढे 'भेट नाही' लागलं असतं, आणि का म्हणून विचारायला तिच्यामागे कोणी उभं राहिलं नसतं. तूही नाही. मी तिला एक वाक्य दिलं. ते धरून ती त्या खोलीतून धड बाहेर आली. तू घरी बसून कानाला यंत्र लावतेस. यंत्राला बूट दिसत नाहीत.

ते फाटक उघडायला मला किती चपला झिजवाव्या लागल्या ते तू पाहिलेलं नाहीस. अहवालात शिपाई आला की फाटक बंद. मग माझ्यामागून येणारं कोणीच आत जाणार नाही आणि आत काय चाललंय ते कोणालाच कळणार नाही. टेबल आज गेलं तर उद्या त्यासाठी भांडता येईल. फाटक गेलं तर कशासाठीच भांडता येणार नाही. झाकली मूठ राहू दे.

आणि बाबांचं. तू नाव घ्यायला घाबरलीस, म्हणून मी घेते. मामा बाहेरच्या खोलीत बसून आईला "कशी आहेस गं?" विचारायचे, बाबा आतून खोकायचे, आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन मध्ये यायचे. "मामा, पाणी." मी विषय तोडते असं तुला वाटायचं, पुढे मोठी झालीस तेव्हा तसं बोलूनही दाखवलंस. तू तेव्हा पलंगाखाली असायचीस. खोलीत मी असायचे. मी आईला त्या खोलीतून बाहेर काढत होते. दुसरं काय करता येत होतं ते सांग, अजूनही शिकायची माझी तयारी आहे.

शुक्रवारी येऊ नकोस. आलीस तरी रेकॉर्डिंग वाजवता येणार नाही. ही मुलाखत आपल्या चमूबाहेर कोणी ऐकणार नाही, असं त्या बायकांना आपण लिहून दिलंय. निदान तेवढं पाळ.

आईच्या गोळ्या जेवणानंतर. आधी नाही. तू उपाशीपोटी देतेस.

ताई


गुरुवार, संध्याकाळ

ताई,

'ती.' आज लिहीत नाही.

बुटांचं मला माहीत नव्हतं. ते वाचून मी उभी राहिले आणि खोलीत इकडून तिकडे फिरत राहिले. त्या बायकांना तू वाचवलंस, हे मान्य. मी त्या खुर्चीवर असते तर मला ते सुचलं नसतं. सत्य सत्य करत मी त्या शिवणवालीला बोलू दिलं असतं आणि भोगलं तिने असतं. हेही मान्य. लेखी देते.

राग तरीही गेला नाही. उलट आता तो नीट जागेवर बसला.

खोलीत तू काय केलंस त्याचा राग नाही. बाहेर आल्यावर काय केलंस त्याचा आहे. दारात बूट आहेत हे तू पाहिलंस. त्या भीतीने बाई वळली हे तू पाहिलंस. वळायला तू हात दिलास. आणि मग आपल्या कचेरीत, दार लावून, समोर चहाचा कप ठेवून, त्याच वाक्याला तू 'समाधान' असा कोड लावलास. बुडणाऱ्या बाईला दोरी टाकलीस आणि मग तीच दोरी दाखवून समितीला सांगितलंस, बघा, पाण्यात कशी मजेत आहे. पहिली गोष्ट तू त्यांच्यासाठी केलीस. दुसरी कोणासाठी केलीस?

फाटकासाठी म्हणतेस. आत जाऊन आपण काय आणतो, ताई? त्यांना हवं तेच बाहेर घेऊन यायचं असेल तर त्यांचा शिपाईच आणील की. त्याला तर चपलाही झिजवाव्या लागणार नाहीत.

तू विचारलंस, बाबा खोकले तेव्हा दुसरं काय करता येत होतं. तेव्हा काही नाही. तू परकर नेसलेली पोर होतीस आणि तुझ्या हातात फक्त तांब्या होता. त्या ताईवर माझा कधीच राग नव्हता. मी वेड्यासारखं बोलले असेन तर ते मागे घेते. पण मामा "बरं चाललंय" ऐकून घरी गेले ना, ते मामीला म्हणाले, आजीला म्हणाले, भेटेल त्याला म्हणाले, बहीण सुखात आहे. पुढे आईचा खांदा निखळला आणि तिने निरोप पाठवला, तेव्हा कोणी आलं नाही. सुखात असलेली बाई जिन्यावरून पडली म्हणतात तर जिन्यावरूनच पडली असणार. मामा ही आपल्या घरची समिती होती. त्यांच्याकडे अहवाल आधीच पोचला होता.

आणि पलंगाखाली मी होते हे खरं. पलंगाखालून फक्त बूट दिसतात, ताई. मला बुटांचं सांगू नकोस.

आज आईला विचारलं. टॉवेलांच्या घड्या घालत होती. एक हात अजून खांद्याच्या वर जात नाही, म्हणून मोठी चादर ती हनुवटीखाली धरून घडी करते, तुला माहीत आहे. म्हटलं, मामांना तू खरं का नाही सांगितलंस कधी?

"परत विचारलंच नाही त्याने," आई म्हणाली. "एकदा विचारायचा. बरं आहे म्हटलं की लगेच चपला शोधायला लागायचा."

"आणि परत विचारलं असतं तर?"

"विचारायला हवं होतं ना आधी. तुम्हा शिकलेल्यांचं हे असं. न विचारलेल्याचं उत्तर मागता." मग चादर खाली ठेवून म्हणाली, "हे तू आज का उकरतेस? ताईच्या त्या तुरुंगाच्या कामाचं का?"

हो म्हटलं.

"भांडलात?"

हो म्हटलं.

"भांडा. पण तिला म्हणावं, तोंड दाखवून जा."

निरोप पोचवला.

आता उद्याचं. रेकॉर्डिंग मी वाजवणार नाही. त्या बायकांना दिलेलं वचन तू म्हणतेस म्हणून नव्हे, मी दिलं म्हणून पाळते. कागदांवर साक्षीला माझी सही आहे. त्यांना जाऊन नव्याने परवानगी मागावी असाही विचार केला. सोडून दिला. शिवणवाली हो म्हणाली असती, आणि तिच्या त्या 'हो'ला मी काय कोड लावणार होते?

मी फक्त खोकले कापून काढले आहेत. एकामागे एक लावले आहेत. मध्ये कोणा बाईचा शब्द नाही, श्वास नाही, बांगडी नाही. परत परत ऐकून खात्री केली आहे. त्या खोकल्याला आपण कुठलंही वचन दिलेलं नाही. समितीत मी एवढंच म्हणेन: जिथे जिथे अहवालात 'समाधानी' आहे, तिथे तिथे आधी हे आहे. आम्ही ते काढून टाकलं होतं, ते परत लावते. त्यांनी परत विचारावं. या वेळी फाटकाबाहेर, कुठल्याही स्टुलापासून लांब.

दुपारी वकिलाला ऐकवलं. पहिल्या दोन खोकल्यांना हसला. मग हसला नाही. मग बराच वेळ कोटाची बटणं लावत काढत बसला. "साक्षीदार असा फिरला असता तर मी मागे वळून दाराकडे बघितलं असतं," म्हणाला. "इथे कागद होता म्हणून बघितलं नाही." उद्या येतो म्हणाला.

एक गोष्ट राहिली. प्रत्येक खोकल्यामागून तुझा प्रश्न आहे. तो मी कापला आहे. तो नसला तर गोष्ट अर्धीच कळते: शिपाई खोकला आणि बाया घाबरल्या, एवढीच. आपण काय केलं ते त्यात येत नाही. सगळा दोष त्या स्टुलावरच्या माणसावर टाकून आपण दोघी हात धुऊन मोकळ्या होतो. तसं मला नको आहे.

मुलाखत घेणाऱ्याला कुठे वचन दिलंय, वाजवा, असं वकील म्हणतो. कायद्याने बरोबर असेल. मी तुझ्या वर्गात शिकले आहे. माणसाचा आवाज त्याला विचारल्याशिवाय कोणाला ऐकवायचा नाही.

सोबत आपलंच संमतीपत्र जोडलं आहे, कोरं. वरचा मजकूर तुझा आहे: भाग घेण्याची सक्ती नाही, कारण न देता कधीही माघार घेता येईल, नकार दिल्यास तुमच्यावर कोणताही परिणाम होणार नाही. शेवटचं वाक्य मी खोडलं आहे. परिणाम होईल. दोन्हीकडून होईल. सही केलीस तर तुझं नाव जाईल, फाटक जाईल, वर्गही जाईल कदाचित. नाही केलीस तर मी फक्त खोकले वाजवीन आणि पुढचं तुला माहीत असेल, मला माहीत असेल, आणि आपण परत एकदा 'बरं आहे' म्हणत एका घरात जेवायला बसू.

तुला बाहेर काढायला मी वाक्य देत नाही. विचारते आहे फक्त. थांबून उत्तर दिलंस तरी चालेल. थांबणंही मी लिहून घेईन.

सकाळी निघताना तुझ्या दारावरून जाईन.

तुझ्याच हाताखाली ऐकायला शिकलेली,
धाकटी


(या पत्राची प्रत मी ठेवली होती. तिच्याखाली शुक्रवारची नोंद.)

सकाळी दारावर गेले. कुलूप होतं. संमतीपत्र नव्हतं. ताई माझ्याआधी समितीच्या दालनात पोचली होती आणि अहवाल समोर घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी फक्त खोकले वाजवले. अध्यक्षांनी यंत्र बिघडलंय का म्हणून विचारलं. वकील म्हणाला, नाही. पुन्हा वाजवा, अध्यक्ष म्हणाले. पुन्हा वाजवले, तेव्हा ताई उभी राहिली, आणि पहिल्या खोकल्यानंतर तिने तो प्रश्न स्वतःच्या तोंडाने विचारला. दुसऱ्या खोकल्यानंतर परत विचारला. तिसऱ्यानंतर परत. शेवटच्या खोकल्यापर्यंत ती उभी होती. समितीने अहवाल परत केला. पुन्हा चौकशी होईपर्यंत टेबल राहील. बैठक संपायच्या आत तुरुंगाकडून निरोप आला की आम्हा तिघांना यापुढे फाटकाच्या आत सोडू नये. ताईने निरोप वाचला, घडी घातली आणि एकटीच निघून गेली.